बेहड्यातली बाळंतीण

रोह्यापलीकडच्या अभयारण्यात मी वनरक्षक म्हणून नवा होतो, तेव्हा मला जंगल झाडून-पुसून ठेवायची भारी हौस होती. पायवाटेवरचा एक अर्धा वठलेला बेहडा माझ्या डोळ्यांत खुपायचा. पर्यटकांच्या डोक्यावर पडेल म्हणून तोडायची परवानगी काढली आणि करवत घेऊन पोचलो. सोबत वाडीवरची, रोजंदारीची बाई होती. ती खोडाला हात लावेना.

"नको साहेब. आत बाळंतीण हाय."

मी खेकसलो, "झाडात कसली बाळंतीण?"

"बसा. गप ऱ्हावा."

बऱ्याच वेळाने पंखांचा मोठा घोंघाट आला. धनेश पक्षी खोडाला बिलगला. वरच्या ढोलीचं तोंड लिंपलेलं होतं, बोटभर फट सोडून. त्याने घशातून एकेक उंबर वर काढलं आणि फटीतून आलेल्या चोचीत अलगद दिलं. मादीने अंड्यांसाठी स्वतःला आत कोंडून घेतलं होतं. मी करवत खाली ठेवली.

"वाट हलवा की," बाई पुटपुटली.

पायवाट आजही तिथे वळसा घेते. सरळ का नाही काढली, असं कुणी खेकसून विचारलं, की मी त्याला तिथेच खाली बसवतो.