चालू आहे

लोकांच्या घरी जावा भांडतात त्या दागिन्यांवरून, माहेरावरून, नाहीतर फ्रिजमधल्या जागेवरून. या घरातल्या दोन जावांमध्ये जे काही होतं ते एका परीक्षेवरून होतं, आणि त्याला भांडण म्हणणंही बरोबर नाही. भांडायला दोघी लागतात. इथे जळत होती ती एकटी थोरली.

थोरली एका विमा कंपनीच्या गुंतवणूक खात्यात सतरा वर्षं काम करत होती. गुंतवणूक क्षेत्रातली ती तीन पायऱ्यांची अवघड परीक्षा तिने सहा वर्षांपूर्वी डोक्यात घेतली. पहिली पायरी दुसऱ्या प्रयत्नात सुटली, दुसरीही दुसऱ्याच प्रयत्नात. तिसरीवर मात्र ती दोनदा आपटली. आता हा तिसरा प्रयत्न, आणि हा गेला तर पुन्हा बसायचं नाही असं तिने ठरवून टाकलं होतं. आणखी एकदा नापास होऊन त्याच खुर्चीत जाऊन बसायचं आणि लिफ्टमध्ये "काय, लागला का निकाल?" ऐकून घ्यायचं, एवढी ताकद तिच्यात उरली नव्हती.

सासूबाईंना परीक्षेचं लांबलचक नाव कधी जमलं नाही. त्या तिला "थोरलीचं ते" म्हणत. "टीव्ही बारीक करा, थोरलीचं ते चाललंय." थोरलीला हे मनातून आवडायचं. घरातली एक तरी गोष्ट फक्त तिच्या नावावर होती, नापास का असेना.

मग धाकटी आली. वयाने अकरा वर्षांनी लहान, बँकेत नोकरी, आणि पहिली पायरी खिशात घालूनच ती लग्न होऊन वरच्या मजल्यावर राहायला आली. दुसरी तिने पडदे शिवता शिवता, नवऱ्याच्या मित्रांना चहा पाजता पाजता, एका झटक्यात पार केली. एका संध्याकाळी थोरली घरी आली तर सासूबाई कोणाला तरी सांगत होत्या, "हळू बोला, त्या दोघींचं ते चाललंय." तो 'दोघींचं' शब्द थोरलीच्या कानातून काही केल्या जाईना.

दोघींनी एकाच टेबलावर बसावं ही आयडियाही सासूबाईंचीच. दिवा एकच जळेल, हे त्यांचं त्यामागचं अर्थशास्त्र. त्यामुळे पहाटे साडेपाच ते साडेसात खालच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका बाजूला थोरली, दुसऱ्या बाजूला धाकटी, आणि मध्ये बिस्किटांचा डबा. पेपर सोडवायचे आणि एकमेकींचे तपासायचे.

हेवा करणं हे फार मेहनतीचं काम आहे, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. थोरलीचा अर्धा अभ्यास धाकटीवर नजर ठेवण्यातच जायचा. ती किती पानं उलटते, किती वेळा घड्याळ बघते, रात्री नीट झोपते की काय. झोपायची हो. चेहरा धुतलेल्या कपासारखा स्वच्छ घेऊन यायची. शिवाय बिस्किटंही खायची. परीक्षा दोन महिन्यांवर आलेली असताना माणसाला भूक लागतेच कशी, हे थोरलीला समजत नव्हतं.

आणि धाकटीची उत्तरं. तिसऱ्या पायरीला अर्धा पेपर लेखी असतो. दोन कारणं विचारली तर परीक्षक पहिली दोनच वाचतो. तुम्ही पाच लिहा, खालची तीन नुसती शाई. थोरलीचा सगळा घात इथेच होता. तिला कंपनीत टिपणं लिहायची सवय, आणि तिथे दोन ओळींचं टिपण पाठवलं तर साहेब विचारतो, बाकीचं कुठे आहे. त्यामुळे ती प्रत्येक उत्तर प्रस्तावनेपासून सुरू करायची आणि शेवटच्या प्रश्नापर्यंत कधी पोचायचीच नाही. धाकटी सहा शब्द लिहून पुढे जायची. थोरलीचा पेपर तपासताना ती लाल पेन्सिलीने एक आडवी रेघ मारायची आणि म्हणायची, "इथपर्यंत. पुढचं कोणी वाचणार नाही, ताई."

ती हे गोड बोलायची. तेच तर जास्त लागायचं.

"दोघी पास झालो तर चालेल," थोरली एकदा नवऱ्याला म्हणाली. "दोघी नापास झालो तरी चालेल."

"आणि एकच झाली तर?"

"तर मला माहेरी पोचवून या," ती म्हणाली. नवरा हसला. ती हसली नाही.

परीक्षेला पाच आठवडे असताना दोघींच्या क्लासच्या सरांनी रविवारी पूर्ण सराव परीक्षा ठेवली. आदल्या सकाळी भावोजी, म्हणजे धाकटीचा नवरा, टेबलावरून पेपर उचलायला गेले आणि अख्खा चहा धाकटीच्या कॅल्क्युलेटरवर सांडून बसले. हा साधा बेरीज-वजाबाकीचा कॅल्क्युलेटर नव्हे. परीक्षेत त्याच बनावटीचा चालतो, आणि त्या दिवशी दोन दुकानं पालथी घालूनही तो मिळाला नाही.

"ताई, तुमच्याकडे पहिल्या पायरीचा जुना आहे ना? उद्यापुरता द्याल?"

होता. थोरलीने कपाटातून काढला, फुंकर मारून धूळ उडवली, बटण दाबलं. पडदा उजळला. आणि वरच्या कोपऱ्यात तिला तीन बारीक अक्षरं दिसली, मुंगीच्या पायाएवढी.

ती अक्षरं दिसत असली की यंत्र असं धरून चालतं, की दरवर्षीचा हप्ता वर्षाच्या सुरुवातीला हातात येतो. ती नसली, तर वर्षाच्या शेवटी. कधीकाळी कुठल्या तरी गणितासाठी थोरलीनेच ती खूण लावली होती आणि काढायची राहिली होती. अशा यंत्रावर नेहमीचं गणित केलं तर उत्तर येतं, आणि पटण्यासारखं येतं. फक्त ते चुकीचं असतं. पेपर काढणारे इतके बेरकी, की नेमकं ते चुकीचं उत्तर पर्यायांमध्ये ठेवलेलं असतं. आपला आकडा दिसला की माणूस खूश होऊन खूण करतो.

दोन बटणं दाबली असती तर अक्षरं गेली असती. थोरलीचा अंगठा त्या बटणावर होताही.

"चालू आहे ना?" धाकटीने विचारलं.

"चालू आहे," थोरली म्हणाली, आणि तिच्या हातात ठेवला.

यात खोटं काय होतं? चालूच तर होता. रविवारभर तिने हेच स्वतःला समजावलं. विचारलं असतं तर सांगितलं असतं. आणि एवढी हुशार आहे, तर बघेल की तिची ती. दोन-चार गणितं चुकतील, जगबुडी होणार आहे थोडीच. असं बरंच काही. चोरी केलेल्या माणसालाही इतकी कारणं लागत नाहीत.

चार दिवसांनी सरांनी मार्क वाचून दाखवले. थोरली, चौसष्ट. धाकटी, जिने सत्तरच्या खाली कधी बघितलं नव्हतं, चोपन्न. सात गणितं गेली होती, आणि एक मोठा प्रश्न, ज्यातली पुढची सगळी उत्तरं पहिल्या आकड्यावर उभी होती. सर म्हणाले, "घरातल्या मोठ्यांकडून काहीतरी शिका." सगळा वर्ग हसला. धाकटीही हसली.

त्या दिवशी घरी येताना थोरलीने स्वतःसाठी नव्या चपला घेतल्या. कारण काहीच नव्हतं. पायात हलकं वाटत होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे धाकटी खाली आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. डोकं दुखतंय, ऑफिसात काम आहे, वरच वाचते. थोरलीने अख्खं टेबल पसरून घेतलं. बिस्किटांचा डबा आपल्याकडे ओढला. किती बरं वाटलं म्हणून सांगू. ते बरं वाटणं दोन सकाळी टिकलं.

तिसऱ्या सकाळी तिने एक लेखी प्रश्न सोडवला आणि पान वाचून बघितलं. पुन्हा प्रस्तावना, पुन्हा पाच कारणं. वेळेच्या बाराव्या मिनिटाला संपायला हवं होतं ते तेविसाव्याला संपलं होतं. कुठे रेघ मारायची ते तिला दिसेना. सगळंच महत्त्वाचं वाटत होतं. लाल पेन्सिल धाकटीने टेबलावरच ठेवली होती. थोरलीने ती उचलली, पानावर धरली आणि परत ठेवली. वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती वाचत असेल का? काय वाचत असेल? हेवा गेलाच नव्हता. आता फक्त त्याला तोंड दाखवायची लाज वाटत होती.

अकराव्या दिवशी भावोजी जिन्यात भेटले. "वहिनी, तुम्ही जरा समजावा तिला. या वेळी बसतच नाही म्हणते. डोकं चालत नाही माझं आता, म्हणते. फॉर्म मागे घेणार आहे."

थोरलीला हेच हवं होतं. महिनोन्‌महिने हवं होतं. आता ते आयतं हातात आलं होतं. डोकं चालत नाही. बिचारीला वाटतंय की तिचं डोकं चालत नाही.

ती तशीच वर गेली. धाकटी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. थोरलीने दोरीच्या अलीकडे उभी राहून सांगून टाकलं. तोंडातून शब्द बाहेर पडताना फार छोटे वाटत होते, इतक्या कमी शब्दांत तिने कधी काही सांगितलं नव्हतं. "कॅल्क्युलेटरवर खूण लागलेली होती. मी बघितली होती. बघून दिला."

धाकटीने चिमटा लावला. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"मार्क कळले त्याच संध्याकाळी. घरी येऊन गणितं पुन्हा केली ना. दहा मिनिटांत सापडलं." ती एक टॉवेल झटकत होती. "मला आधी वाटलं, तुम्हालाही दिसलं नसेल. मग आठवलं. चालू आहे म्हणालात तेव्हा तुम्ही माझ्याकडे नाही, पडद्याकडे बघत होतात."

अकरा दिवस ही मुलगी हे पोटात घेऊन वर बसली होती, आणि आपण खाली टेबल पसरून बिस्किटं खात होतो.

"मग बोलली का नाहीस?"

"मी का बोलू? तुम्ही बोलायची वाट बघत होते. शेवटी ह्यांना सांगितलं, फॉर्म मागे घेते म्हणून. ह्यांच्या पोटात काही राहत नाही. म्हटलं, तुमच्यापर्यंत पोचेलच."

"म्हणजे घेणार नव्हतीस मागे?"

"वेड लागलंय का मला, ताई?"

थोरलीला रडू येत होतं, त्यात हसू मिसळलं. "तूही चांगली चालूच आहेस की."

"या घरात आल्यावर झाले," धाकटी म्हणाली. ती हसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला ती खाली आली. थोरली नवा कॅल्क्युलेटर घेऊन द्यायला निघाली होती, धाकटीने नको म्हटलं. "हाच राहू दे. आता याची खोड मला माहीत आहे." डबा पुन्हा मध्ये आला. लाल रेघा पुन्हा सुरू झाल्या, पूर्वीपेक्षा जरा जोरात. थोरली मुकाट्याने खाली मान घालून त्या बघायची. बोलणं अभ्यासापुरतं.

परीक्षेच्या हॉलमध्ये थोरली प्रत्येक उत्तराला दुसऱ्या कारणाशी आली की तिचा हात पुढे पळायला बघायचा, आणि कानात कोणीतरी म्हणायचं, इथपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा तिने शेवटचा प्रश्न वाचला, सोडवला, आणि वर चार मिनिटं उरली. त्या चार मिनिटांत तिने तीन रांगा पुढे बसलेल्या धाकटीच्या पाठीकडे बघितलं. धाकटी अजून लिहीत होती.

निकाल ऑफिसच्या वेळेत, ईमेलवर आला. थोरली पास. धाकटी नापास, काठावरून.

थोरली खुर्चीत बसून राहिली. सहा वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो समोर होता आणि तिच्या डोक्यात एकच आकडा फिरत होता. अकरा. अकरा सकाळी, दोन-दोन तास. तेवढ्यानेच गेली असेल? की तशीही गेली असती? हे कुठल्याही यंत्रावर काढता येत नाही, आणि कोणी कधी तिला सांगणारही नव्हतं.

संध्याकाळी सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "सुटलं बाई थोरलीचं ते." मग जिन्याकडे बघून आवाज खाली आणला. "आता धाकटीचं ते राहिलं."

धाकटी खाली आली. डोळे सुजलेले होते, ते तिने लपवले नाहीत. थोरलीचे दोन्ही हात धरून म्हणाली, "अभिनंदन, ताई. खरं सांगू? मला तुमचा भयंकर हेवा वाटतोय. दुपारपासून नुसती जळतेय."

सरळ. सहा शब्दांत म्हणावं तसं. वर्षभर जे थोरलीला स्वतःशीसुद्धा म्हणता आलं नाही, ते हिने सगळ्यांसमोर, हात धरून म्हणून टाकलं. आणि पास झालेल्या थोरलीला त्या क्षणी पुन्हा तिचाच हेवा वाटला.

काय करावं ते न सुचून ती आत गेली आणि आपला चांगला कॅल्क्युलेटर घेऊन आली, ज्यावर ती पास झाली तो. "हा घे. तो जुना टाकून दे. मला आता लागणार नाही."

"अहो, कशाला."

"घे गं. चालू आहे."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. धाकटीने कॅल्क्युलेटर हातात घेतला, बटण दाबलं, आणि काही बोलायच्या आधी पडद्याचा वरचा कोपरा नीट बघून घेतला.

मग म्हणाली, "थँक्यू, ताई."