सेइतोकुला कुठे ठेवायचं

योनामिने मित्सु हात फार धुवायच्या. ओकिनावातल्या लढाईनंतर, ऐन तरुणपणी, त्यांनी अमेरिकन तळाच्या लाँड्रीत सात वर्षं सैनिकांचे कपडे धुतले होते. खिसे उलटे करताना हाताला काय काय लागायचं ते त्यांनी घरात कधी सांगितलं नाही. "ती माणसं मी धुऊन ओळखली आहेत," एवढंच म्हणायच्या.

त्यांचे यजमान सेइतोकु त्याच तळावर माळी होते. लढाई संपून लोक छावण्यांतून परतले, तेव्हा गावाभोवती तळाचं तारेचं कुंपण पडलेलं होतं. घर, शेत आणि घराण्याचं थडगं, सगळं आत गेलं. शेजारपाजारचे टोमणे मारायचे, "साहेबांचं गवत कापतोस होय रे!" सेइतोकु हसायचे. कारण गवत कापता कापता ते रोज थडग्यापाशी जायचे, अंगण झाडायचे, आईवडिलांशी दोन शब्द बोलून यायचे. तिथल्या जुन्या थडग्यांसारखंच तेही मोठं, कासवाच्या पाठीसारखं, आणि पुढ्यात दहा माणसं पंगतीला बसतील एवढं अंगण. बाकीच्या घरच्यांना आत जायला मिळायचं ते वर्षातून एकदा, एप्रिलमधल्या शीमीला, पितरांसोबत जेवायच्या दिवशी. तेही तीन तासांच्या परवान्यावर.

मागच्या शरदात सेइतोकु गेले. जाताना एकच मागणं मागितलं, "मला आईशेजारी ठेव."

परवान्याचा अर्ज दरवर्षी तेच भरायचे. या वर्षी मित्सुबाईंनी भरला, सुवाच्य अक्षरात, कुणाला न विचारता. ठरलेल्या दिवशी त्या मांडीवर पांढऱ्या कापडात गुंडाळलेला अस्थिकलश घेऊन गाडीत बसल्या. सोबत मुलगा मोरिओ, सून, नात आणि नणंद कियो. डब्यांत डुकराचं मांस, समुद्रशेवाळाच्या गाठी, तांदळाचे मोची.

फाटकावरच्या गोऱ्या शिपायाने कागद पाहिला, गाडीत पाहिलं, परत कागद पाहिला. दुभाषा खिडकीशी आला. तो इथलाच होता.

"मावशी, यादीत चौदा नावं आहेत. तुम्ही पाचच."

"बरोबर आहे. जेवायला चौदा."

"मग बाकीचे कुठे?"

"आठजण आत आहेत. लढाईच्या आधीपासून."

"आणि हे सेइतोकु?"

मित्सुबाईंनी मांडीवरच्या कलशावर हात ठेवला.

दुभाष्याला हसू फुटलं, ते त्याने गिळलं. शीमीला कोण कोण जेवतं हे त्याला ठाऊक होतं. पण शिपायाला ते पटेना. आत आधीच आठजण असतील तर ते विनापरवाना कसे शिरले, हेच तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. फोन झाले. वरचा साहेब आला, तोही विचारून गेला. नवा अर्ज भरून घेतला. शिपाई च्युइंगम चघळत एका बोटाने डब्यांची झाकणं उघडून बघत होता. मांसाच्या डब्याला नाक लावून तो मागच्या शिपायाला काहीतरी म्हणाला आणि दोघं हसले.

"आई, दुसरीकडे बघ," मोरिओ पुटपुटला.

"बघतेच आहे मी. चांगलं बघून घेते."

आत सोडलं तेव्हा तीन तासांतला दीड उरला होता. शिवाय दुभाष्याने मान खाली घालून बजावलं, "मावशी, उदबत्ती पेटवू नका. आत आग लावायला बंदी आहे."

सगळे थडग्यापाशी पोचले आणि सून "अगं बाई!" म्हणून जागीच थांबली. अंगणाच्या मधोमध निखाऱ्यांचा काळा डाग होता. भोवती बियरचे डबे, चरबीने माखलेले कागद, चघळून टाकलेली हाडं. ज्या दगडावर पितरांचं ताट ठेवायचं, त्यावर कुणी सिगारेटी विझवल्या होत्या. दाराच्या शिळेवर पिवळे ओघळ होते. वास नाकात गेल्याबरोबर मित्सुबाईंना ते काय आहे ते कळलं.

कियोबाईंनी जवळचा रुमाल काढून ताटाचा दगड पुसला. मोरिओने बियरचे डबे पिशवीत भरले. मित्सुबाईंनी प्यायचं पाणी शिळेवर ओतलं आणि गवताच्या बोळ्याने घासत राहिल्या. पाणी संपलं, वास गेला नाही. न पेटवलेल्या उदबत्त्या दगडावर तशाच आडव्या ठेवल्या.

मोरिओने घड्याळ पाहिलं. "वीस मिनिटं आहेत. शिळा सरकवू का?"

"नको."

"म्हणजे?"

"इथे नाही ठेवायचं त्यांना. चला."

कियोबाई उसळल्या. "वहिनी, दादाचं शेवटचं मागणं ते! आणि त्या लोकांना हेच तर हवंय. आपण आपल्या हातांनी आपलं माणूस बाहेर ठेवायचं, म्हणजे उद्या म्हणतील, कुणी येतच नाही, पाडा थडगं."

"म्हणतील."

"आई आत आहे माझी! ती मुतात बसलेली चालते, आणि दादा नको?"

वन्संचं म्हणणं खरं होतं हे मित्सुबाईंना कळत होतं. "वन्सं, मी त्यांना चाळीस वर्षं स्वच्छ ठेवलं," त्या म्हणाल्या, "मला नाही जमायचं." त्यांनी कलश छातीशी धरला आणि गाडीकडे चालू लागल्या. कियोबाई शिळेला कपाळ लावून रडल्या, मग मागून आल्या. परतीच्या वाटेवर त्या वहिनींकडे पाहतसुद्धा नव्हत्या.

घरी डबे तसेच उघडले. नातीने थोडं खाल्लं. मित्सुबाईंनी घास तोंडापर्यंत नेला आणि परत ठेवला. कलश त्यांनी देवघराच्या कपाटात, वरच्या फळीवर ठेवला आणि दारं उघडी टाकली.

"रागवा," त्या कलशाला म्हणाल्या. "रोज रागवा. मी ऐकून घेईन."

मग त्या मोरीवर गेल्या. साबणाची वडी हातात झिजत गेली, तरी नळ चालूच होता.