खोड नव्हे, आठवण

वाघ सर वर्गात कधी अचानक आले नाहीत. ओसरीच्या टोकाला असतानाच ते खाकरायचे, चपला मुद्दाम वाजवायचे आणि दाराशी थांबून विचारायचे, “येऊ का रे पोरांनो?” तापीकाठच्या आमच्या शाळेत तेव्हा, म्हणजे साठ सालच्या आसपास, बाकीच्या मास्तरांची आधी छडी आत शिरायची, मग मास्तर. पोरं सरांच्या पाठीमागे म्हणायची, “आडनाव वाघ नि काळीज सशाचं!” मीही हसायची. खरं तर त्या खाकरण्याने सगळ्यात बरं मलाच वाटायचं, कारण नववीत माझ्याइतकी भित्री दुसरी कोणी नव्हती.

मी सहा वर्षांची असताना वडील गेले. आईला नि मला काकाने पोसलं. काका बैलांचा मोठा जाणकार. पंचक्रोशीत कुणाला बैल घ्यायचा झाला की काकाला सोबत न्यायचे. बैलाला त्याने कधी साधी चापट मारली नाही, आणि मला मात्र बैलाच्याच दोराने, कासऱ्याने मारायचा. दूध उतू गेलं, कासरा. हाकेला ओ द्यायला उशीर झाला, कासरा. संध्याकाळी गाडीची घुंगरं वाजली की मी हातातलं टाकून चुलीमागे सरकायची, आणि ती भीती दुसऱ्या दिवशी शाळेतही उतरायची नाही. कुणी फळ्याकडे झपकन हात नेला तरी मी मान आत ओढायची.

त्या वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी माझ्या डोक्यावरून भिंतीवरच्या नकाशाकडे हात केला आणि मी थेट बाकाखाली. दोन्ही हातांनी डोकं धरून बसले. वर्ग खदाखदा हसला. हेडमास्तरांनी घरी निरोप धाडला, मुलगी वेडसर दिसते, घरीच ठेवावी. काका आईला म्हणाला, “सोमवारले नाव काढी लिसू. येडी पोर शाळामा काय करी?” शाळेतून नाव काढलं की पुढे लग्नच. मी चौदाची होते.

शनिवारी सर आम्हाला बैलबाजारात घेऊन गेले. ते आरोग्यशास्त्र शिकवायचे. “मज्जासंस्थेचा धडा पुस्तकापेक्षा तिथे बरा कळेल,” म्हणाले. आमच्याकडे बैल घेताना गिऱ्हाईक त्याच्या तोंडासमोर एकदम हात उगारून पाहतं, बिचकतो का ते कळावं म्हणून. एक पांढरा बैल हात दिसताच असा बिचकला, की दावं तुटायची वेळ आली.

“याचा मालक म्हणतो, दोन वर्षांत याला कुणी मारलेलं नाही,” सर म्हणाले. “पण ते याच्या कातडीला कुठे माहीत? लहानपणी मार खाल्लेलं शरीर पुढेही पहारा देत बसतं. छाती धडधडते, घाम फुटतो, पाठ केलेलंसुद्धा आठवत नाही. माणसाचंही तसंच. लोक म्हणतात खोड. अरे, खोड नव्हे ती, आठवण आहे.”

मग त्यांनी स्वतःचा हात पुढे धरला. तो थरथरत होता. “हा बाजाराचा आरडाओरडा ऐकून. वय पंचेचाळीस. मारणारे वडील जाऊन वीस वर्षं झाली.” या वेळी कुणीच हसलं नाही.

तेवढ्यात बैलापलीकडून ओळखीचा आवाज आला. काका! गिऱ्हाइकाला सांगत होता, “याले गोऱ्हा व्हता तव्हय मारेल शे. दोष बैलना नही, धनीना शे.” म्हणजे वासरू असताना मार खाल्लेला; दोष बैलाचा नाही, मालकाचा. मी सरांच्या मागे लपले. सरांनी काकाकडे पाहिलं, मग वळून माझ्याकडे. मी त्यांना घरचं कधी सांगितलं नव्हतं. माझ्या मानेनेच सांगितलं असावं.

सोमवारी काका शाळेत आला. खांद्यावर कासरा होता. मी बाकाला घट्ट धरून बसले. सर दारात जाऊन उभे राहिले. त्यांच्या धोतराचा सोगा हलत होता, इतके ते कापत होते, पण बाजूला झाले नाहीत.

“सरा व्हा मास्तर. पोरले लई जास.” मला घेऊन जायलाच आला होता तो.

“भाऊ,” सर म्हणाले, “मन्हावर हात उगारी देखा.”

काका चिडलेलाच होता, त्याने उगारला. सरांचं कोपर आपोआप तोंडासमोर गेलं, डोळे मिटले. भर वर्गासमोर. तसेच डोळे मिटून ते म्हणाले, “आते पोरवर उगारा. आनि सांगा, दोष कोना शे? शनिवारे तुमीनच सांगं व्हतं.”

काकाने माझ्याकडे पाहिलं. त्याचा हात वर होता आणि मी कधीच बाकाखाली गेले होते. मग खांद्यावरचा कासरा सावरत तो निघून गेला. मार त्या दिवसापासून पार थांबला म्हणाल तर नाही, पण कासरा पुन्हा गोठ्याबाहेर आला नाही आणि शाळा सुटली नाही.

पुढे मीही शिक्षिका झाले. सर आजारी असल्याचं कळलं तेव्हा धावतच त्यांच्या घरी गेले आणि पांघरूण सारखं करायला पटकन वाकले. सरांनी दोन्ही हात डोक्यावर घेतले. ऐंशीला टेकलेला माणूस!

मग त्यांनी मला ओळखलं. “घाबरू नको गं,” ते म्हणाले, “आठवण आहे ती.” हात मात्र डोक्यावरच होते.

मी सरळ झाले. बाहेर जाऊन चपला घातल्या, ओसरीच्या टोकापर्यंत गेले, खाकरले, पाय वाजवत परत आले आणि दाराशी थांबले.

“सर, येऊ का?”

“ये,” सर म्हणाले, आणि त्यांनी हात खाली घेतले.