न विचारता चालायची वाट

मी इंग्लंडला निघालो त्या सकाळी घरी दोन माणसं भेटायला आली. पहिली हिरा आत्या, माझ्या वडिलांची बहीण. ती पालेगावातल्या जुन्या घरी राहायची आणि रोज डोक्यावर भाजीची पाटी घेऊन अंबरनाथच्या बाजारात यायची. पाटीतून तिने मसाल्याची बाटली काढली आणि म्हणाली, "तिकडं नुसतं उकारलेलं खातान, असूं दे संगं." दुसरा माझा धाकटा भाऊ रमाकांत, विठ्ठलवाडीहून आलेला. त्याच्या हातात गुंडाळलेला नकाशा होता.

पालेगावातलं आमचं शेत एका बिल्डरला द्यायचं घाटत होतं. नकाशात शेताच्या चारी बाजूंनी जाड काळी रेघ होती, म्हणजे भिंत. आत चार इमारती. "दादा, पार्टी एकदम रेडी आहे. तू फक्त सही मार आणि बिनधास्त जा," रमाकांत म्हणाला. मी म्हटलं, आता घाईत नको, आल्यावर नक्की करतो. गावातून आमच्या शेतामधून मोठ्या रस्त्याकडे जाणारी एक पायवाट आहे. आत्या आत्ताच त्या वाटेने आली होती. नकाशात त्या वाटेवर एक इमारत व्यवस्थित बसवलेली मला दिसली. खरं सांगतो, तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

ही गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका इंजिनीअरिंग कारखान्यात फोरमन होतो. उत्तर इंग्लंडमधला एक जुना कारखाना बंद पडला होता आणि तिथलं लोखंड रंधण्याचं मोठं यंत्र आमच्या मालकांनी विकत घेतलं होतं. ते खोलायचं, प्रत्येक भागावर नंबर टाकायचा आणि पेट्यांत भरून बोटीवर चढेल असं करायचं, हे माझं काम. मुदत तीन आठवड्यांची. थंडीसाठी मी उल्हासनगरात एक कोट घेतला. तो दुकानदार, "साईं, इसमें बर्फ में भी पसीना आएगा," म्हणाला होता. मी पोचलो तेव्हा तिथे जून महिना होता आणि दुकानदाराचं बोलणं अक्षरशः खरं ठरलं.

त्या गावाचं नाव सांगत नाही. मला स्वतःलाच ते धड उच्चारता येत नव्हतं. दरीच्या तळाशी नदी, नदीला लागून कालवा, कालव्याच्या काठाने बंद गिरण्यांच्या चिमण्या. वर चढणीला काळ्या दगडाच्या घरांच्या रांगा, त्याच्याही वर उघडा माळ आणि मेंढ्या. माझी घरमालकीण डोरोथीबाई सत्तरीची होती, नवरा वारलेला, पाय काठीसारखे बारीक पण चालायला माझ्यापेक्षा चपळ. ती म्हणाली, "माझ्या लहानपणी ही नदी गिरणीत त्या दिवशी जो रंग असेल त्या रंगाची वाहायची." मी तिला आमच्या वालधुनी नदीबद्दल सांगितलं, कारखान्यांच्या पाण्याने तीही रोज रंग बदलते. आता तिच्या नदीत बदकं होती. मी बराच वेळ त्या बदकांकडे बघत उभा राहिलो.

गावाचा कारभार बरो चालवायची (आपली नगरपालिका समजा, फक्त कोटातली). ही बरो म्हणजे पाच छोटी गावं वीसेक वर्षांपूर्वी वरून हुकूम येऊन एकत्र बांधलेली. कचरा एकीकडून उचलायचा, कर एकाच इमारतीत भरायचा, पण मनं काही जुळली नव्हती. पलीकडच्या गावाबद्दल डोरोथीबाई असं बोलायची की जणू ते फ्रान्समध्ये आहे. मी तिला सांगितलं, "आम्हालाही असंच कल्याणच्या महापालिकेत टाकलं होतं. अंबरनाथ, बदलापूर, सगळ्यांना. आत्ताच सुटलो, आता आमची नगरपालिका आमच्याकडे आहे." ती चहा ओतायची थांबली. "सुटलात? कसे काय सुटलात?" पुढे तीन आठवडे तिने शेजारपाजाऱ्यांशी माझी ओळख 'ज्यांचं गाव सुटलं ते गृहस्थ' अशी करून दिली.

जेवणाचं म्हणाल तर आत्याचं भाकीत तंतोतंत खरं ठरलं. सगळं उकडलेलं. शुक्रवारी मासा मिळायचा, पण पिठात गुंडाळून तळलेला आणि सोबत व्हिनेगर. मी हळूच आत्याच्या बाटलीतला मसाला भुरभुरवला. डोरोथीबाईला त्याच्या नुसत्या वासाने सात-आठ शिंका आल्या. डोळे पुसून झाल्यावर तिने आपली बशी पुढे केली आणि म्हणाली, "मलाही दे." दुसऱ्या आठवड्यात ती उकडलेल्या बटाट्यावरही मसाला मागायला लागली.

कारखाना तिच्या घरापासून दहा मिनिटांवर. तिच्या मागच्या दारापासून एक पायवाट निघायची, कारखान्याच्या अंगणातून जायची आणि कालव्याच्या पुलावर निघायची. पुलापलीकडे तिची बहीण राहायची, गुडघ्यांनी अधू झालेली. डोरोथीबाई रोज सकाळी त्या वाटेने तिला पाव आणि दूध नेऊन द्यायची. लग्न होऊन आल्यापासून ती याच वाटेने चालत होती. पण फाटकावर नव्या मालकाची पाटी लागली होती. यंत्रं हलली की इथे कुंपण घालण्यात येईल. मग बहिणीकडे जायला खालचा चौक, मोठा रस्ता आणि उभी चढण, एवढा वळसा. ते वाचून मला ओशाळल्यासारखं झालं, कारण शेवटचं यंत्र मीच हलवत होतो.

"तू तुझं काम कर," ती म्हणाली. "मी माझं करते."

तिचं काम म्हणजे टाऊन हॉल. एका संध्याकाळी ती मलाही घेऊन गेली. महापौरांच्या गळ्यात सोन्याची इतकी मोठी साखळी की आमच्याकडे नवरदेवही घालायला लाजेल. सभेच्या सुरुवातीला साध्या नागरिकांनी उठून प्रश्न विचारायचे अशी तिथे रीत होती. डोरोथीबाई उठली, चष्मा लावला आणि एकच प्रश्न विचारला: "माझी वाट बंद होणार, हे तुमच्यापैकी कोणाला माहीत आहे?" कोणालाच माहीत नव्हतं. पण मागच्या बाकावरचा एक लांबडा माणूस भराभर लिहून घेत होता. तो बरोच्या पायवाटांचा अधिकारी निघाला. फक्त पायवाटांचा! इमारती नाहीत, नळ नाहीत, गटारं नाहीत. मला तो माणूस फार आवडला.

दोन दिवसांनी तो सायकलवरून घरी आला. त्याने टेबलावर बरोचा नकाशा पसरला. त्यात प्रत्येक सार्वजनिक पायवाट तुटक रेघेने काढलेली होती, माळावरची आणि शेतांतलीसुद्धा. डोरोथीबाईची वाट मात्र कोणी कधी काढलीच नव्हती. त्याने मला नियम समजावून सांगितला. लोक एखाद्या वाटेने वीस वर्षं उघडपणे चालत आले असतील, कोणी अडवलं नसेल आणि कोणी परवानगी मागितली नसेल, तर ती वाट लोकांची. जमीन कोणाचीही असो. त्यासाठी चालणाऱ्यांच्या साक्षी हव्यात. गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी अर्ज भरायला सुरुवात केलेली होती.

मला राहवलं नाही. "माझीही साक्ष घ्या. मी रोज त्या वाटेने कामाला जातो," मी म्हणालो.

"किती वर्षं?"

"अठरा दिवस."

तो हसला नाही, ही त्याची सभ्यता. "आणि कसे जाता?"

मी अभिमानाने सांगितलं, "रोज सकाळी फाटकावरच्या रखवालदाराला 'जाऊ का?' असं विचारतो. न विचारता कोणाच्या जागेतून जायची आमची पद्धत नाही."

त्याने पेन खाली ठेवलं. "मग तुमची साक्ष उलट मालकाच्या उपयोगाची. जो विचारतो तो कबूल करतो, की वाट दुसऱ्याची आहे." डोरोथीबाई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी रखवालदाराला न विचारता गेलो, तर तो बिचारा "बरं नाही का?" म्हणून मागे आला.

निघायच्या आदल्या दिवशी डोरोथीबाईने मला माझं गाव काढून दाखवायला सांगितलं. मी कागदावर पालेगाव काढलं. देऊळ, विहीर, आत्याचं घर, मागे श्रीमलंगाचा डोंगर. मग आमचं शेत, आणि त्यातून जाणारी पायवाट. हात सवयीने चालत होता. तिने वाटेवर बोट ठेवलं. "इथून कोण जातं?"

"सगळेच. बाजाराला निघालेल्या बायका. पाळीला जाणारे कामगार. शाळेतली पोरं. माझ्या आजोबांच्या आधीपासून."

"विचारतात?"

"कोणाला विचारणार?" मी म्हणालो.

"किती छान. तुमचं सगळं अजून शाबूत आहे," ती म्हणाली. रमाकांतच्या नकाशाबद्दल मी तिला काही सांगितलं नाही. मला लाज वाटली, फार लाज वाटली. तिची वाट वाचावी म्हणून अर्ज भरायला बसणारा मी, घरी जाऊन वाटेवर भिंत घालायची सही करणार होतो. तो कागद तिने ठेवून घेतला आणि फडताळावर नवऱ्याच्या फोटोशेजारी उभा केला. यंत्राच्या पेट्या त्याच दिवशी बोटीकडे रवाना झाल्या.

परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पालेगावला गेलो. सही अजून झाली नव्हती, पण रमाकांतने माझा शब्द धरून, पावसाची उघडीप साधून शेताच्या कडेने चुन्याची फक्की मारून घेतली होती. पायवाटेवरून ती पांढरी रेघ आडवी गेली होती. रेघेच्या अलीकडे हिरा आत्या उभी होती, डोक्यावर भेंडीची पाटी, एक हात पाटीला. मला बघून तिच्या तोंडावर हसू आलं, पण ती पुढे आली नाही.

"बाला, जाऊ का रं मी हितनं?" तिने विचारलं. "रमा बोलला, आता इचारून जायाचं."

माझ्या लहानपणी मला कडेवर घेऊन ती या वाटेने बाजाराला जायची. या वाटेवर तिने आयुष्यात कोणालाही काही विचारलं नव्हतं. पायातल्या नव्या बुटानेच मी तो चुना पुसून टाकला.

"आत्या, विचारू नकोस," मी म्हणालो. "कधीच विचारू नकोस. तू विचारलंस की वाट माझी होते. न विचारता चाल."

"विलायतेला जाऊन येडा झाला पोरगा," असं म्हणत ती रेघ ओलांडून चालायला लागली. मी तिच्या मागून गेलो.

रमाकांतला मी सांगितलं, वाट सोडून नकाशा काढला तरच सही. तो चिडला. "दादा, डोकं फिरलंय का तुझं? अख्खी बिल्डिंग जाते ना यार!" शेवटी चारच्या तीन इमारती झाल्या, आणि भाऊ गणपतीपर्यंत माझ्याशी बोलला नाही. गणपतीत पालेगावच्या घरी मोदक खायला आला तो आपणहून, त्याच वाटेने. डोरोथीबाईचं नाताळचं पत्र आलं. तिचा अर्ज अजून टाऊन हॉलच्या कुठल्यातरी टेबलावर होता आणि मालकाने कुंपण घातलं होतं, पण त्यात एक फाटक ठेवलं होतं. 'मी रोज जाते. विचारत नाही,' असं तिने लिहिलं होतं.

आता आमच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना इमारती आहेत. त्यात राहणाऱ्यांना माझं नाव माहीत नाही, ते मला बरंच वाटतं. आत्याची पाटी सुटली, हातात काठी आली, पण डॉक्टरकडे जायला तिला हीच वाट लागते. परवा मी तिला घेऊन चाललो होतो तर एका सोसायटीचा नवा वॉचमन खुर्चीवरून उठून आडवा आला.

"ओ अंकल, किधर? ये सोसायटी का रास्ता है. पूछ के जाने का."

मी तोंड उघडणार, एवढ्यात आत्याने काठीनेच त्याला बाजूला व्हायची खूण केली. थांबली नाही, त्याच्याकडे वळून बघितलंही नाही.

"आमी इचारीत नाय," ती म्हणाली, आणि पुढे चालायला लागली.