आमच्या मालकीचा क्लाउड आणि फैजलची रजा

सर्व्हर चालू होते. दिवे लुकलुकत होते, पंखे घरघरत होते, एसी नको इतका गार होता. बाहेर मात्र गोदामाच्या गेटवर औषधांच्या गाड्या एकामागे एक उभ्या होत्या आणि एकाही ड्रायव्हरला गेट पास मिळत नव्हता.

"मॅडम, सिस्टिम डाऊन आहे का?" डिस्पॅचमधून फोन आला.

"सिस्टिम अप आहे," मी म्हटलं. "फक्त काम करत नाहीये."

आमच्या कंपनीचं गोदाम काशीमीऱ्याला, हायवेला लागून. औषध कंपन्यांचा माल ठेवायचा आणि वसई-पालघरपर्यंतच्या हॉस्पिटलांना पोचवायचा, हा धंदा. इन्सुलिन, लसी, काही इंजेक्शनं दोन ते आठ डिग्रीतच ठेवावी लागतात. कोल्ड रूमचं तापमान सतत नोंदलं जातं आणि ती नोंद मालासोबत गेली नाही तर हॉस्पिटल माल उतरवून घेत नाही. तापमानाची नोंद, चलान, गेट पास, सगळं एकाच सॉफ्टवेअरमधून निघायचं. मी तिथे आयटी मॅनेजर होते. म्हणजे ते सॉफ्टवेअर चालतं तेव्हा मला कोणी ओळखत नसे.

पूर्वी हे सॉफ्टवेअर भाड्याच्या क्लाउडवर होतं. क्लाउड म्हणजे ढगबिग काही नाही. दुसऱ्या कोणाची तरी कॉम्प्युटरं, कुठल्यातरी लांबच्या इमारतीत. आपण भाडं भरायचं आणि वापरायची. भाडं दर नूतनीकरणाला वाढायचं. त्यात आमच्या सगळ्यात मोठ्या क्लायंटने कळवलं की त्यांचा डेटा आमच्या ताब्यातल्या मशीनवरच राहिला पाहिजे. त्याच सुमारास आमच्या मालकांचा मुलगा आणि कंपनीचा डायरेक्टर कुणाल गोरेगावच्या एका हॉटेलात सेमिनारला जाऊन आला. येताना गळ्यात पट्टा, हातात कापडी पिशवी आणि तोंडात दोन शब्द घेऊन आला. ओपन सोर्स आणि प्रायव्हेट क्लाउड.

मालक हसमुखभाई. धंद्यात मुरलेला माणूस. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मनीषाबेन, ओपन म्हणजे कोण पण बघणार. प्रायव्हेट म्हणजे कोण नाय बघणार. मग दोन्ही एकत्र कसा काय?"

प्रश्न चांगला होता. सेमिनारात तो कोणी विचारला नसावा. मी त्यांना मीरा रोडच्या भाषेत सांगितलं. सोसायटी बिल्डरला न देता स्वतःच रीडेव्हलपमेंट करते ना, तसं हे. बिल्डिंग आपली, जागा आपली, आत कोण राहतं ते आपल्याला ठाऊक. ते झालं प्रायव्हेट. आणि बांधायचे नकाशे जगातल्या इंजिनियरांनी मिळून काढलेत, ते कोणालाही बघता येतात, बदलता येतात, फुकट वापरता येतात. ते झालं ओपन सोर्स. पण बांधणारा आणि नंतर पंप, लिफ्ट, टाकी सांभाळणारा माणूस आपल्यालाच ठेवावा लागतो.

एवढ्या सगळ्यातून हसमुखभाईंनी एकच शब्द उचलला. फुकट.

माणूस मात्र आम्हाला चांगला मिळाला. फैजल शेख. पस्तिशीचा, मीरा रोडलाच वाढलेला. स्वतःचं काम उत्तम येतं हे त्याला माहीत होतं आणि तो ते लपवत नसे. जुन्या पँट्रीची खोली रिकामी करून त्याने तिथे तीन मशीन बसवल्या. तिघी मिळून एक क्लाउड. एक बंद पडली तर तिचं काम बाकीच्या दोघी उचलतात. सॉफ्टवेअर हलवायला काही महिने लागले, पण हलवल्यावर ते पूर्वीपेक्षा जलद चालायला लागलं. हसमुखभाई पाहुण्यांना पँट्रीचं दार उघडून दाखवायचे. "आपला पोताचा क्लाउड." म्हणजे स्वतःचा.

दुपारी डबा खाता खाता फैजल या प्लॅटफॉर्मच्या फोरमवर बसायचा. फोरम म्हणजे इंटरनेटवरचा कट्टा. कोणी अडलं की तिथे प्रश्न टाकायचा, ज्याला येतं तो उत्तर देतो. फैजल रोज कोणाकोणाची कोडी सोडवायचा. तिथे कोणी खरं नाव लावत नाही. त्याचं काय होतं, मी कधी विचारलं नाही.

माझा जीव मात्र एका गोष्टीने टांगलेला असायचा. मी जुन्या वळणाची. नेटवर्क, केबल, साधे सर्व्हर यात माझी हयात गेली. हा प्लॅटफॉर्म मला वरवर कळायचा, आतून तो फक्त फैजलला कळायचा. मी हसमुखभाईंकडे दुसरा माणूस मागितला.

"मशीन तीन घेतला ना? एक गेला तर दोन आहे."

"मी माणसाबद्दल बोलतेय, भाई."

कुणाल बाजूलाच होता. "मॅडम, ओपन सोर्सला कम्युनिटी असते. जगभरचे एक्सपर्ट मदत करतात. चोवीस तास. फ्री."

हसमुखभाईंनी माझ्याकडे पाहिलं. जगभरचे एक्सपर्ट फुकट मिळत असताना ही बाई पगारी माणूस का मागतेय, असं ते पाहणं होतं.

मग फैजलच्या बहिणीचं लग्न ठरलं, जौनपूरला. रजेचा अर्ज देताना तो म्हणाला, "मॅडम, आधीच सांगतो. रजेत ऑफिसचा फोन घेणार नाही. अब्बांना शब्द दिलाय. मागच्या ईदला बिर्याणी समोर होती आणि मी कुणालसरांचा पासवर्ड बदलत होतो."

मी सही केली. तो गेला आणि काही दिवसांनी गाड्या गेटवर उभ्या राहिल्या.

झालं होतं असं. सकाळी कुणालने क्लाउडचं कंट्रोल पॅनल उघडायचा प्रयत्न केला. उघडलं नाही. तेव्हा आमचं सॉफ्टवेअर व्यवस्थित चालू होतं, गेट पास निघत होते. बंद होतं फक्त पॅनल. कुणाल पँट्रीत गेला आणि त्याने तिन्ही मशीनची बटनं दाबून त्या बंद केल्या. मग परत चालू केल्या. घरचा वायफाय असाच ठीक होतो म्हणाला. मशीन उठल्या. सॉफ्टवेअर उठलं नाही.

मी स्क्रीनसमोर बसून एररचे मेसेज वाचत गेले. कारण सापडलं. या तीन मशीन एकमेकींशी बोलण्याआधी ओळखपत्र तपासतात. त्याला सर्टिफिकेट म्हणतात. त्या ओळखपत्रांची मुदत संपली होती. त्यामुळे शेजारी शेजारी बसलेल्या मशीन एकमेकींना ओळख द्यायला तयार नव्हत्या. जे आधीपासून चालू होतं ते चालत राहिलं असतं. पण बंद करून परत चालू करायचं म्हटलं की ओळखपत्र लागतं. थोडक्यात, बटन दाबलं नसतं तर फैजल परत येईपर्यंत कदाचित कोणाला कळलंही नसतं.

ओळखपत्रं नवी करायची कमांड असते. पण ती कुठल्या क्रमाने द्यायची हे मला ठाऊक नव्हतं. क्रम चुकला तर आतला डेटाही हाती लागणं कठीण, एवढं मात्र ठाऊक होतं.

"फैजलला लावतोय," कुणाल म्हणाला. फोन बंद. परत लावला. बंद. "त्याच्या वडिलांचा नंबर एचआरकडे असेल."

"तिथे लग्न आहे, कुणाल."

"इथे पण इमर्जन्सी आहे."

ते खरं होतं. कोल्ड रूममध्ये आम्ही थर्मामीटर देऊन माणसं उभी केली होती. स्वेटर घालून ती आकडे ओरडून सांगत होती. तेवढ्यात पालघरकडच्या एका हॉस्पिटलच्या फार्मासिस्टचा फोन आला. आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. "मॅडम, इन्सुलिनची गाडी निघाली का? वॉर्डात लहान मुलं पण आहेत. मी संध्याकाळपर्यंत ओढून नेईन. पुढचं मला सांगता येत नाही."

"निघतेय," मी म्हटलं. फोन ठेवल्यावर माझे हात गार पडले होते, आणि मी कोल्ड रूममध्ये नव्हते.

मग मी कुणालची जगभरची कम्युनिटी वापरायचं ठरवलं. फोरमवर खातं उघडलं. कंपनीचं नाव कळू नये म्हणून 'न्यू युजर' एवढंच नाव घेतलं. मला येईल त्या इंग्रजीत सगळं लिहिलं.

जग धावून आलं. पहिल्याने विचारलं, व्हर्जन कोणतं? दुसरा म्हणाला, आधी डॉक्युमेंटेशन वाचा. तिसरा त्याला म्हणाला, ते डॉक्युमेंटेशन वाचून कोणाचं भलं झालंय? मग त्या दोघांची जुंपली. माझा प्रश्न वर सरकत सरकत दिसेनासा झाला.

मी तो परत टाकला. या वेळी 'सिंगल फेज' नावाच्या कोणीतरी उत्तर दिलं. "मुदत संपल्यावर कोणी मशीन बंद करून चालू केली का?"

"हो."

"का?"

कुणाल माझ्या खांद्यावरून वाचत होता. "लिहा ना, लाइट गेली होती."

डॉक्टरशी आणि सपोर्टशी खोटं बोलू नये, ही माझी सवय. मी लिहिलं, "आमच्या डायरेक्टरनी बटन दाबलं."

थोडा वेळ काहीच आलं नाही. मग आलं, "त्यांना खोलीबाहेर पाठवा. मग पुढचं सांगतो."

मी मागे वळून पाहिलं. कुणाल बाहेर गेला. दारही हळूच लावून घेतलं.

सिंगल फेज सांगत गेला, मी करत गेले. आधी डेटाची कॉपी. मग पहिल्या मशीनचं ओळखपत्र. थांबा. काय दिसतंय ते इथे टाका. मी मशीनची नावं खोडून टाकायचे. आता दुसरी. मध्येच तो गायब व्हायचा, तेव्हा मी देवाचं नाव घ्यायचे. परत यायचा, "सॉरी, जेवणाची पंगत होती" असं काहीतरी लिहायचा. मला वाटलं, परदेशातला कोणी भारतीय असेल, रविवारचं काही असेल. त्या दिवशी रविवार नव्हता, हे तेव्हा सुचलं नाही.

दुपारी प्रिंटरने घर्रर्र आवाज करत पहिला गेट पास बाहेर टाकला. डिस्पॅचमध्ये टाळ्या पडल्या. इन्सुलिनची गाडी सगळ्यात आधी सोडली. फार्मासिस्टला मीच फोन केला. तो "बरं झालं" म्हणाला, आणि गाडीचा नंबर लिहून घेतला.

हसमुखभाई पँट्रीत आले. "कोण होता तो माणूस?"

"माहीत नाही."

"कुठला?"

"तेही नाही."

"काय घेतला?"

"काही नाही."

त्यांचा चेहरा उजळला. "बघ मनीषाबेन. पूर्ण दुनिया आपली स्टाफ आहे!" क्लायंटला त्यांनी मेल पाठवली की आमच्या ग्लोबल सपोर्ट टीमने अडचण त्याच दिवशी सोडवली. माझ्या दुसऱ्या माणसाच्या मागणीवर त्यांनी परत एकदा 'नाही' असा शेरा मारला.

फैजल आला तो मिठाईचा डबा घेऊन. मी घडलेलं सांगितलं. त्याने मशीन तपासल्या. "एकदम बरोबर केलंय. कोणी सांगितलं?"

"फोरमवरचा एक सिंगल फेज म्हणून आहे."

तो खुर्चीतून अर्धा उठला. "न्यू युजर तुम्ही होता?"



"मॅडम, मी मंडपाच्या मागे बसून लिहीत होतो! मला वाटलं कुठल्यातरी कारखान्यातला कोणी असेल. डायरेक्टरने बटन दाबलं हे वाचून मी नव्या दुल्हेभाईंना पण दाखवलं. सगळे हसले."

"पण तुझा फोन तर बंद होता."

"ऑफिसचं सिम काढून ठेवलं होतं. फोन चालू होता."

"रजेत ऑफिसचं काम करायचं नव्हतं ना? मग फोरम कशाला?"

"ते काम थोडीच आहे," तो म्हणाला. त्याला खरोखरच माझा प्रश्न कळला नव्हता.

मी तडक हसमुखभाईंकडे गेले. त्यांना सांगितलं की जगभरची कम्युनिटी म्हणजे शेवटी आपलाच फैजल निघाला, बहिणीच्या मंडपातून. मला वाटलं, आता तरी पटेल. हसमुखभाईंनी नीट ऐकून घेतलं, थोडा विचार केला.

"म्हणजे एक माणूस पुरतो," ते म्हणाले.

पुढे फार वेळ लागला नाही. अंधेरीची एक कंपनी याच प्लॅटफॉर्मचा सपोर्ट विकते. त्यांच्या लोकांनी फोरमवरची फैजलची उत्तरं वाचली होती. त्यांनी त्याला शोधून काढून नोकरी दिली. जाताना तो माझ्या पाया पडला, मला अवघडल्यासारखं झालं. कुणालने त्याला थांबायचा आग्रह केला नाही. कोड ओपन आहे, कोणीही शिकेल, असं त्याचं मत होतं. आम्ही माणूस शोधायला लागलो. जे आले त्यांतले बहुतेक आमच्याकडे शिकायला तयार होते.

मग क्लायंटची माणसं पाहणीला आली. ग्लोबल सपोर्ट टीमची मेल त्यांनी जपून ठेवली होती. तिच्यातल्या माणसांची नावं आणि करार दाखवा म्हणाली. हसमुखभाईंनी पाणी मागवलं. त्यानंतर त्यांनी अंधेरीच्या त्या कंपनीशी सपोर्टचा करार केला. रक्कम किती ते मी सांगणार नाही. त्या दिवशी हसमुखभाई जेवले नाहीत, एवढं सांगते.

पहिल्या व्हिजिटला गेटवर दोन इंजिनियर आले. त्यांच्या कंपनीचा नियमच आहे, एकावर काम सोडायचं नाही. त्यातला एक फैजल. वॉचमनने ओळख असूनही त्याच्या गळ्यात व्हिजिटरचा बिल्ला अडकवला. कुणाल त्याला "सर" म्हणाला आणि पँट्रीबाहेरच उभा राहिला. हसमुखभाईंनी चहासोबत खारी मागवली. अंधेरीची कंपनी फैजलचे पैसे तासावर लावत असल्यामुळे खारी संपेपर्यंत सगळे घड्याळाकडे बघत होते.

मी आता रिटायर झालेय, मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कात घरीच असते. ओळखीतून फोन येतात, आमच्या ऑफिसात प्रायव्हेट क्लाउड घ्यावा का, ओपन सोर्स चांगलं असतं का. चांगलं असतं, मी सांगते, खरंच चांगलं असतं. मशीनबद्दल मी काही विचारत नाही. फक्त विचारते, सांभाळणाऱ्याचं नाव काय, आणि तो रजेवर गेला तर दुसऱ्याचं काय. पहिलं नाव लगेच सांगतात. दुसऱ्यासाठी "विचारून सांगतो" म्हणतात, आणि परत फोन येत नाही.