फुग्याचे दात

त्याला सगळे टेस्टर म्हणत. एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीत तो वायरमन होता. मेन स्विच स्वतःच्या हाताने बंद केलेला असला, तरी टेस्टर लावून पाहिल्याशिवाय तो तारेला बोट लावत नसे. लावून झाला की पुन्हा एकदा लावी. जिना उतरताना कठडा धरी, रस्ता ओलांडताना बायकोचा हात धरी. बाकीचे वायरमन त्याची टर उडवत. त्यांच्यातल्या दोघांना शॉक बसला होता, पण तो विषय कुणी काढत नसे.

मुलगी शिकायला परगावी गेली आणि तिचा ससा, फुग्या, बापाच्या गळ्यात पडला. "बाबा, माझा जीव आहे हा. सांभाळा," एवढंच ती म्हणाली. त्या दिवसापासून टेस्टरच्या जिवाला घोर लागला.

लवकरच एकदा फुग्या चालता चालता धाडकन कुशीवर पडला. पाय ताणलेले, डोळे अर्धे मिटलेले. टेस्टरने हंबरडा फोडायचा तेवढा बाकी ठेवला. ससा टोपलीत घालून, चपलासुद्धा न घालता, तो प्राण्यांच्या दवाखान्यात पोचला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि त्यांना हसू आवरेना. "अहो काका, झोपला होता तो. घरात निर्धास्त वाटलं की ससे असेच आडवे होतात."

मग एकदा फुग्याने हवेत उडी मारून अंग पिळलं, पुन्हा मारली. टेस्टरला वाटलं, फिट आली. पुन्हा दवाखाना. या वेळी कंपाउंडरही हसला. "आनंदाने उड्या मारतोय," बाई म्हणाल्या. "आणि हो, दातांवर दात हळूच घासले तरी धावत येऊ नका. तेही खुशीचंच लक्षण."

बायकोने हे शेजारणीला सांगितलं, शेजारणीने जिन्यात, आणि बघता बघता कामावरही कुणीतरी विचारलं, "काय टेस्टर, ससा हसला तरी ॲम्ब्युलन्स बोलावता म्हणे?" तो कसनुसा हसला. पण मनाला लागलं ते लागलंच. पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढायची नाही, असा त्याने कानाला खडा लावला.

म्हणूनच फुग्या कोपऱ्यात पाठ वाकवून बसला, पाल्याला तोंड लावेना, तेव्हा टेस्टरने टोपलीला हात लावला नाही. दात घासल्याचा आवाज येत होता. चांगला कर्रकर्र.

"खूश आहे," तो बायकोला म्हणाला.

"मग तुमचा चेहरा का पडलाय?"

त्याने पाला फुग्याच्या आणखी जवळ सरकवला. कामावर स्क्रू हातातून निसटू लागले. मुलीचा फोन आला, फुग्या कसा आहे म्हणून. "मजेत," तो म्हणाला, आणि आपल्याच शब्दाची त्याला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाला तसाच होता. पिंजऱ्यात एक लेंडी नव्हती. कान हाताला गार लागले. मग मात्र त्याची पाचावर धारण बसली.

"आज काय केलं सशाने?" कंपाउंडर हसतच उठला. बाईंनी फुग्याच्या पोटावरून हात फिरवला, नळी लावून ऐकलं. टेस्टर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. हसा, तो मनात म्हणत होता, बाई, एकदा हसा.

बाई हसल्या नाहीत.

"आतडी थांबलीत. असे जोरात दात घासतोय ते दुखतंय म्हणून. ससे ओरडत नाहीत, काका. दुखणं लपवतात. काल का नाही आणलंत?"

"तुम्ही हसाल म्हणून."

कंपाउंडरने मान फिरवली. बाई इंजेक्शन भरत होत्या.

"चुकलंच आमचं," त्या म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत खाल्लं तर वाचेल, नाहीतर माझ्या हातात काही नाही. आणि काका, यापुढे तुम्ही घाबरत जा."

जन्मभर सगळ्यांनी त्याला घाबरू नकोस एवढंच सांगितलं होतं. रिकामी टोपली मांडीवर घेऊन तो बाहेर बाकावर बसला आणि दिवसभर, कुणाची लाज न बाळगता, घाबरत राहिला. बायको डबा घेऊन आली, त्याने तो उघडला नाही.

ऊन उतरल्यावर बाईंनी दार उघडलं. "या. देठ कुरतडतोय."

टेस्टर टोपली छातीशी धरून उठला. कंपाउंडरने दंडाला धरून त्याला आत नेलं.