नवऱ्याने दिलेला शब्द आणि माझ्या भावाचं लग्न

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वसईजवळच्या गास गावात, माझ्या माहेरी, धाकट्या भावाचं लग्न होतं. सकाळी चर्चमध्ये मिस्सा झाली, दुपारी अंगणातल्या मांडवात बॅन्ड वाजत होता… आणि माझा नवरा पास्कल स्कूटरची किल्ली शोधत होता.

"गोखिवऱ्याला जाऊन येतो. काकूंच्या डोळ्यात औषध घालायचंय."

काकू म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या राणेकाकू. आम्ही गोखिवऱ्याच्या त्या बिल्डिंगमध्ये नवीनच राहायला गेलो होतो. काकूंचा एक डोळा पूर्वीच गेलेला, दुसऱ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. मुलगा बोटीवर नोकरीला, त्याला लगेच निघावं लागलं. जाताना पास्कलचा हात धरून म्हणाला, "तुम्ही ख्रिश्चन लोक शब्दाचे पक्के. आईला सांभाळा." झालं! अख्ख्या समाजाची अब्रू आमच्या घरावर…

मी खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला काकूंचं औषध घालायला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. ती आनंदाने हो म्हणाली होती. तेच मी पास्कलला परत परत सांगितलं.

"पण काकूंना मी येतो म्हटलंय," तो म्हणाला. "ख्रिस्ती माणसाच्या 'येतो'ला काही अर्थ नको?"

"आणि टोस्टचं काय? नवरा-नवरीसाठी चार शब्द बोलायलाही तूच उभा राहणार म्हणालास ना? की तिथे ख्रिस्ती नाहीस तू?"

"त्याच्या आत येतो परत."

तो वेळेत परतावा म्हणून मीही मागे बसले. कांजीवरम, केसात गजरा, आणि नालासोपाऱ्याला बंद फाटक! एक गाडी गेली, मग मालगाडी… मी तोंडाचा पट्टा सोडला होता. रिक्षावालेसुद्धा वळून बघत होते.

बिल्डिंगमध्ये शिरलो तर शेजारणीच्या दाराला भलंमोठं कुलूप. बाई गेल्या होत्या विरारला, बहिणीकडे. विसरल्या असतील…

काकू पलंगावर उताण्या पडून होत्या. हातात स्वच्छ रुमाल. "आलास का रे? म्हणजे दुपार झाली," त्या म्हणाल्या. डोळ्यावर झाकण, घड्याळ दिसत नाही. माझ्या नवऱ्याच्या येण्यावरून त्या वेळ ओळखत होत्या! पास्कलने हात धुतले, झाकण काढलं, अलगद थेंब सोडले. मी दारात उभी.

मांडवात पोचलो तेव्हा टोस्ट होऊन गेला होता. मामांनी दिला, आणि अर्धा वेळ स्वतःच्याच लग्नाबद्दल बोलले. बाबा आमच्याशी आठवडाभर बोलले नाहीत. पास्कलने भावाची माफी मागितली. मला मात्र बाबांचा राग सोसावा लागला आणि स्वतःचा गिळावा लागला.

काही दिवसांनी काकूंना चष्मा मिळाला. त्या स्वतः दार उघडून आमच्याकडे आल्या, माझा चेहरा दोन्ही हातांत धरून नीट न्याहाळला आणि म्हणाल्या, "अगो, तू अशी दिसतेस होय? जिन्यात तुझा आवाज ऐकून मला वाटलं, भारी तापट बाई असणार!"

पास्कलने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. मी काकूंना बसवलं, चहा टाकला.

तापटच आहे मी. आजही आहे… पण असल्या माणसाशी संसार करायचा, तर घरात कुणीतरी चिडायला हवंच ना? देवाने ते काम मला दिलं. तक्रार नाही.